सुपाखालची चौकी

बालाघाट,
ता. ११ जानेवारी १९६७

चि. सौ. पुष्पलता,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, विहीणबाईंना दोन्ही हातांनी.

गाडीवाल्या महागूबरोबर धाडलेलं सामान पाहून घे. बिड्या वळायचं सूप ठेवायची सागवानी चौकी. पाठ टेकायची फळी. बसायचा पाट. सगळं माझ्या हातचं, खिळा एकही नाही. एका सुताचा फरक निघाला तर माझं नाव बदला. मी कुण्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो नाही, पण असं काम अख्ख्या हट्टा गावात कोणी करून दाखवावं.

मागचं स्टूल तुझ्या सासूबाईंनी परत धाडलं. त्यांचा निरोप महागूने हातवारे करून ऐकवला: "सून स्टुलावर अन् सासू भुईवर? व्याह्याले म्हना, सिंहासनच धाडा!" राग आला, पण बाई चुकीचं बोलल्या नाहीत. या वेळी पाट जमिनीपासून दोनच बोटं आहे. तू उंच होत नाहीस, सूप उंच होतं. विहीणबाईंसाठीही एक जोड आहे, त्यांचा पाट तुझ्यापेक्षा बोटभर उंच. आता बोलायला जागा ठेवली नाही.

बसायची रीत नीट वाच. चौकीचे पाय मांडीच्या दोन्ही बाजूंना घे. सूप मांडीवर नाही, चौकीवर. ते कोपराच्या किंचित खाली येईल. पाठ फळीला, हनुवटी आत. पान कापताना नजर खाली घाल, मान नको. बिड्यांचा एक कट्टा बांधून झाला की ऊठ. टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं भिंतीला लावून थोडी उभी राहा. सासू हसली तर हसू दे. पाण्याची गुंडी उचलताना गुडघे मोड, कंबर नको, आणि गुंडी पोटाशी धर. बिड्या कमी होतील. होऊ दे. पायांना मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर त्याच दिवशी घरात सांग. लपवू नको.

तुझ्या आईने लपवल्या.

दिवाळीनंतर आम्ही नागपूरला तुझ्या मावशीकडे गेलतो असं तुला लिहिलं होतं. मावशीकडे एक रात्र काढली, बाकी दिवस दवाखान्यात. वर लिहिलं ते सगळं मी तिथे व्यायाम शिकवणाऱ्या विमलाबाईंकडून पाहून पाठ केलं. तेंदूपानांचं पोतं उचलायला वाकलेली तुझी आई सरळ झालीच नाही. मणक्यातली गादी सरकून शिरा दाबते आहे. पायाला चटका बसला तरी तिला कळत नाही. ऑपरेशन लवकर झालं तर ती उभी राहू शकेल, उशीर झाला तर आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. रंधा आणि करवत ठेवून बाकी विकण्याजोगं होतं ते विकलं. ते औषधातच गेलं. घरी तिच्यासाठी सपाट फळ्यांची खाट केली आहे. कूस मीच बदलतो.

सोमवारी बिडीचा ठेकेदार भोजराज आला. तुझी बहीण ललिता शाळेत न जाता आईचं सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. तेरा वर्षांची पोर, आणि मागून पाहिलं तर तुझी आई कमलाच. तशीच मान लोंबलेली.

"हात चांगला हाय पोरीचा, नथ्थूभाऊ."

"बसन, पण चौकीवर बसन," मी म्हटलं.

तो हसला. "चौकीवर सहाशेच बिड्या होतात, भाऊ. मले रोज हजार पायजे."

ललिता म्हणाली, "बाबा, मी बसतो ना. आई उभी राहीन."

आत तुझी आई जागी होती. मी ललिताच्या मांडीवरचं सूप उचललं आणि आढ्याला टांगलं, तिचा हात पोचणार नाही असं.

तेव्हापासून तुझी आई भिंतीकडे तोंड करून असते. माझ्याकडे कूस वळवली की डोळे मिटून घेते. तिला काय हवं होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं. तू आलीस की ती तुला सांगेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

भोजराजला मी नाही म्हटलं. त्याचं म्हणणं असं होतं: ललिताने तीन वर्षं त्याच्यासाठी बसायचं, सूप मांडीवर, रोज हजार बिड्या, आणि त्यापोटी नागपूरच्या ऑपरेशनचा सगळा खर्च आजच हातावर, रोख आठशे रुपये.

तुम्हां दोघींचा बाप,
नथ्थू