द्वेष असला तरच

सिस्टर,

शाळेत तुम्ही मला कायम इंग्रजीत रागावलात, म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली; आता पट्टी उगारता येणार नाही. वादविवादाच्या तासाला तुम्ही एकच मंत्र दिला होता: आधी शब्दाची व्याख्या करा, ती समोरच्याला करू देऊ नका. न्यू जर्सीतल्या सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, निवृत्तीच्या चार वर्षं आधी, मी तो वापरला.

सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. त्या खुर्चीवर आजवर एकही कृष्णवर्णीय बसलेला नव्हता, म्हणून यंदा त्यांच्यातल्या पात्र उमेदवाराला प्राधान्य द्यावं, असा प्रस्ताव आला. म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला. बारा वर्षं तिने नव्या मुलांना काम शिकवलं आणि तीच मुलं तिची साहेब झाली. मीटिंगमध्ये मी उठते. म्हणते, वर्णद्वेष म्हणजे मनातला द्वेष; इथे कोणाच्या मनात आहे? सगळे एकमेकांकडे बघतात. हात कोण वर करणार? मग रंग बघून जागा देणं हाच वर्णद्वेष, मी म्हणते. प्रस्ताव तिथेच बारगळतो.

कॉफीच्या मशीनपाशी ती मला गाठते. "हनी, झकास बोललीस. माझा द्वेष कोणीच करत नाही, अगदी खरं. ख्रिसमसला केक देतात मला. मग माझी बारा वर्षं खाल्ली कोणी?"

"नियम सगळ्यांना सारखा हवा," मी म्हणते.

"सारखाच आहे की. दर वेळी मलाच लागतो."

आजही टीव्हीवर सुटातले पुरुष हाच वाद घालतात. एक हेतू मोजतो, दुसरा परिणाम. पहिलाच जिंकतो, कारण त्याच्या व्याख्येत दोषी कोणीच ठरत नाही. हे बदलेल असं मला वाटत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळातले काका-काकू "इथेही सवलतीच!" म्हणून नाकं मुरडतात. गावाकडे आपणही कोणाचा द्वेष करत नव्हतो, फक्त पाणवठा वेगळा होता. तुम्ही जिंकायला शिकवलंत, सिस्टर. जिंकल्यावर कोणाकडे बघायचं ते नाही शिकवलंत.

हे टपालात पडणार नाही, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही. ती जागा पुढे मलाच मिळाली. अर्जावर आशियाई म्हणून 'अल्पसंख्याक'च्या चौकोनात खूण करताना माझा हात जराही अडखळला नाही.