कॅम्प कधी संपणार

बाई, तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, परदेशीपुऱ्यातली ती नाटकाची खोली आता बंद पडणार. कसली पडतेय! तुम्ही जिथे मिलमधल्या कामगारांच्या पोरांना लेझीम आणि नाटक शिकवलंत, तिथे आज मी त्यांच्या नातवंडांना शिकवते, आणि तुमच्यापेक्षा बरं शिकवते. हो, तोंडावर बोलते. दर रविवारी दुपारी आमची पोरं लॅपटॉपवर पॅलेस्टाइनमधल्या निर्वासितांच्या एका छावणीतल्या पोरांशी गप्पा मारतात. तिथेही गल्लीतल्याच लोकांनी चालवलेलं असं एक केंद्र आहे. तिथली पोरं हातात हात धरून, पाय आपटत नाचतात, आमची पोरं लेझीम दाखवतात, आणि मधलं इंग्रजी मी सांभाळते. आमच्या पोरांना ‘छावणी’ कळेना, म्हणून मी ‘कॅम्प’ म्हणून सांगितलं होतं.

गेल्या रविवारी आमची एक बारा वर्षांची पोरगी पुढे सरकली. "ताई, पूछो ना, त्यांचा कॅम्प कधी संपणार?" तिला कॅम्प म्हणजे मे महिन्यातला समर कॅम्प, शेवटच्या दिवशी समोसा आणि सर्टिफिकेट. मी तिला दटावणारच होते, तेवढ्यात तुम्ही आठवलात, ती जुनी तालीम आठवली. मी विशीत आहे, तुमच्या हाताखाली शिकवतेय, आणि एक मुलगा मला विचारतो, मिल परत कधी सुरू होणार, बाबा घरीच बसलेत. मी म्हणते, चूप, डायलॉग पाठ कर. तुम्ही तालीम थांबवता आणि सगळ्यांसमोर मला झापता: "तुला उत्तर येत नाही, म्हणून त्याने विचारायचं नाही? वा गं वा!" इतका राग आला होता मला तुमचा, आठवडाभर धड बोलले नव्हते.

तर मी विचारलं, जसंच्या तसं. पलीकडची मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची. आधी हसली, मग म्हणाली, "माहीत नाही. माझी पणजी इथे आली, तेव्हा तीही हेच विचारायची." आमची सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी काय सांगावं? "ती म्हणतेय, लवकरच."

पोरांनी काय टाळ्या पिटल्या! कशाच्या ते तिला कळलं नाही, तरी तिने पलीकडून हात हलवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या रविवारी पोरांना खरं काय ते सांगणार आहे, त्यात मागेपुढे नाही. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे सांगायला लावलं असतंत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते: त्या क्षणी, बाई, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.