चिंचपाड्याला उतरून

नाना, परवा मी चिंचपाड्याला जाऊन आले. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर ढकलून विचारलं असतं, कुणाबरोबर, कशासाठी. एकटीच गेले. कशासाठी ते सांगते, पण आधी हे सांगते की तुमच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि आजही तो पुरता बसलेला नाही.

तुम्ही गावच्या शाळेत इतिहास शिकवायचात आणि घरीही तोच. आपले पूर्वज गुजरातेतून बैलगाड्या जुंपून कसे निघाले, तापीच्या काठी कसे थांबले, हे तुम्ही जणू त्याच गाडीत बसून आल्यासारखं सांगायचात. प्रकाशा गावी घाटाच्या पायऱ्यांवर आमचा वर्ग बसवून म्हणायचात, "आपल्या बैलांनी पहिलं पाणी इथं प्यायलं." मला तेव्हाही वाटायचं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? दहा पिढ्यांपूर्वीचे बैल तुम्हाला ठाऊक, पण दर दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस तुम्ही कुठे जाता हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. "नवापूरकडे नोकरीला होतो तेव्हाचे एक गुरुजी आहेत, त्यांना भेटून येतो," एवढंच. ते गुरुजी कधी आपल्याकडे आले नाहीत, त्यांचं साधं पोस्टकार्ड आलं नाही. आणि एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी आईला तुमच्या पिशवीत कोरं लुगडं सापडलं.

मी सहावीत होते. "पोरले बी लई जा, तिले बी सुट्टी शे," आई तुम्हाला म्हणाली, आणि मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली, "डोया उघडा ठेव." चिंचपाड्याला एसटीतून उतरून आपण तासभर डोंगराच्या बाजूला चाललो. कुडाच्या भिंतींचं घर होतं. मला अंगणात बाजेवर बसवून तुम्ही आत गेलात. दारातून मला सगळं दिसतंय. एक म्हातारी जमिनीवर बसली आहे, तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून, आणि ती नागलीच्या भाकरीचा घास आपल्या हाताने तुमच्या तोंडात घालते आहे. चुलीपाशी दुसरी एक बाई आहे, तिशीतली. ती काहीतरी बोलते आणि तुम्ही हसता. मला न कळणाऱ्या बोलीत उत्तर देता आणि पुन्हा हसता. तसं तुम्ही आमच्या घरात कधी हसला नव्हतात. बाहेर बाजेवर बसून मला इतका राग आला की पुढ्यात ठेवलेल्या भाकरीला मी हात लावला नाही. परतताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "गुरुजी भेटले नाहीत, असं सांग."

घरी पोचलो तेव्हा आई मिरच्या कुटत होती.

"गुरुजी भेटनात का?"

"नाही."

"मंग कोण व्हतं?"

"बाई."

तिचा हात थांबला. "तरणी का म्हातारी?"

मी म्हणाले, "तरणी."

आठ दिवस आई तुमच्याशी बोलली नाही. मग एकदाच बोलली, की पुन्हा तिकडे गेलात तर मला विहिरीत शोधा. तुम्ही वाद घातला नाहीत, खुलासाही केला नाहीत. माझा संशय तिथेच पक्का झाला. काही केलंच नसेल तर माणूस गप्प का बसेल? त्यानंतर तुम्ही कधीच गेला नाहीत. वार्षिक परीक्षेत इतिहासाच्या एका उत्तरात मी मनाने भर घातली होती, तर तुम्ही समासात लाल शाईने लिहिलंत, "ठाऊक आहे तेवढंच लिहावं." तो शेरा नेमका कशासाठी होता, हे मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली तरी आई तुमच्या फोटोला हार घालते आणि फोटोकडे न बघता मागे वळते.

गेल्या महिन्यात भावाला नातू झाला, म्हणून आपल्या घराण्याची वही ठेवणारे भाट नाव नोंदवायला आले. जुन्या भाटांचा नातू आता येतो. ओट्यावर बसून तो पिढ्या वाचत होता आणि तुमच्या नावापाशी आला. आठ दिवसांचे असताना आई वारली, त्याने वाचलं. हे आम्हाला नेहमीच ठाऊक होतं. आम्ही जिला आजी म्हणायचो ती आजोबांची दुसरी बायको, तुम्ही तीन वर्षांचे झाल्यावर आलेली. पण त्याच वेळी आतल्या खोलीत भावाची सून बाळाला पाजत होती, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "मग यांना दूध कुणी पाजलं?" भाट वहीवर बोट ठेवून म्हणाला, "ते लिहायची रीत नाही, ताई."

म्हणून मी गेले. वाट विचारत विचारत गेले, तर घर आता विटांचं झालेलं. म्हातारी केव्हाच गेली. तेव्हाची चुलीपाशी बसलेली बाई आता सत्तरी ओलांडलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने माझा हात धरून ठेवला. शाळेतल्या मराठीत, अडखळत, ती सांगत गेली. तिचे आईबाप तुमच्या वडिलांच्या शेतात कापूस वेचायला होते. तुमची आई वारली त्याच आठवड्यात तिच्या आईचं तान्हं गेलं होतं. आजोबांनी त्या आईला तुम्हाला पाजायला बोलावून घेतलं. दोन वर्षं ती आपल्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली, मग दुसऱ्या लग्नाचं ठरल्यावर तिला परत पाठवलं आणि पुन्हा इकडे येऊ नको म्हणून बजावलं. "गुरुजी इकडे बदलून आले तेव्हा शोधत शोधत आमच्या दारात आले," ती म्हणाली. "नंतर यायचे बंद झाले. आई दर दिवाळीला रस्त्यावर जाऊन बसायची. काय झालं होतं, तुला ठाऊक आहे?"

मी म्हणाले, नाही.

तिचा मुलगा पन्नाशीचा. त्याने मोटरसायकलवरून मला बसपर्यंत सोडलं. मागे बसून मी सारा वेळ त्याची मान, त्याचे कान तुमच्यासारखे आहेत का ते न्याहाळत होते. असा मी तुमच्या मुलीचा धर्म पाळला, नाना.

काल गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तिनी तुले बनाडं. तू बी त्यान्हीच पोर शे, कोणी काही बी सांगं का तुले पटस." मी म्हणाले, आई, म्हातारी होती तिथे, मी स्वतः पाहिली होती. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तूच सांगं व्हतं, तरणी व्हती म्हणीसन." तेव्हा मला बोलता आलं असतं. दोघी होत्या, घास भरवत होती ती म्हातारी, आणि मी रागाने दुसरीचं सांगितलं, एवढंच वाक्य होतं. मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

हे पत्र लिहून झालं की ते कुठे ठेवायचं हे मला ठाऊक नाही; पाठवायला पत्ता नाही आणि घरात ठेवलं तर कुणीतरी वाचेल. पण एक कबूल करते. आईने त्या बाईला खोटं ठरवलं तेव्हा, क्षणभर, मला बरं वाटलं.