एनओसीचा उलगडा

३ जून, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती, क्रमाने. एक: सूनबाई नर्स असून तीन वर्षे रात्रपाळी करते. दोन: नात चिमी आईशिवाय झोपत नाही व मला झोपू देत नाही. तीन: नव्या रुग्णालयात दिवसपाळीची जागा आहे. चार: सही केलेला कोरा अर्ज माझ्या हाती देऊन, ‘बाबा, एवढा भरून टाका, अडलं तर उठवा,’ म्हणत सूनबाई झोपली. पाच: मी शब्दकोशाचा निवृत्त संपादक आहे. अडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

३ जून, दुपारी
आरएन: रजिस्टर्ड नर्स. एफटी: फुल टाइम. आयसीयू चिमीलाही ठाऊक. शेवटी एनओसी, पुढे हो किंवा नाही. आमच्या हिचे म्हणणे, सूनबाईलाच विचारा की, दहा वर्षं नर्स आहे ती. मी म्हणालो, एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, शेंबड्या पोरालाही कळते. ही म्हणाली, मग तुम्हाला कळलं यात कौतुक कसलं. दुर्लक्ष केले.

४ जून
‘हो’वर खूण केली. अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून पुरवणी जोडली: ‘एनओसीबाबत संपूर्ण कुटुंबाची कायमस्वरूपी व बिनशर्त संमती आहे.’ चिरंजिवांनी न वाचताच सही ठोकली. ही पिढीच तशी. चिमीचा अंगठा घेतला. अर्ज स्वतः देऊन पोच घेतली.

११ जून
मुलाखत उत्तम. मेट्रन म्हणाल्या म्हणे, असं सासर नशिबानंच मिळतं. सूनबाई बुचकळ्यात. मी नम्रपणे पोच फाइलला लावली.

१४ जून
नेमणुकीचे पत्र. सूनबाईने मधली एक ओळ मोठ्याने वाचली. नर्सच्या भाषेत एनओसी म्हणजे नॉक्टर्नल, रात्रीचे. कायमची रात्रपाळी! संक्षेप सदोष असल्याचे मी निदर्शनास आणले. सूनबाई आधी रडवेली झाली, मग पत्राला जोडलेल्या पुरवणीवर चिमीचा अंगठा पाहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ही तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. मेट्रनना फोन झाला. त्या म्हणाल्या, संमती लेखी मागे घ्या, महिनाभराने दिवसपाळी देते, तोवर रात्रच. माघारीचा मसुदा मी देऊ केला. चौघांनी एकमुखाने नकार दिला.

१५ जून, सकाळी
माझ्या दारावर सूनबाईची चिठ्ठी. लाल पेन घेऊन तीनदा वाचली. एकही चूक नाही:
‘महिनाभर चिमीला झोपवणे, शाळेत सोडणे आणि मी झोपले असताना कोणाचेही व्याकरण मोठ्याने न सुधारणे, यास आपली कायमस्वरूपी व बिनशर्त ना हरकत आहे काय? अडले तर उठवावे. उत्तर लेखी द्यावे.’