रुमालावरचे थेंब

एडिंबरा, २२ नोव्हेंबर १८४७

ती. एफीताईस निनियनचा सा. न. वि. वि.

आज आनंदाची बातमी आहे! इस्पितळात अकरा वर्षं माझं काम एकच, कापाकापीच्या वेळी रोग्याला दाबून धरायचं. त्या किंकाळ्यांच्या गोष्टी माझ्याच तोंडून ऐकून तू सडता पाय घेऊन घरी बसलीस, हे मला रोज टोचतं.

आज एका लोहाराचा पाय कापायचा होता. आम्ही चौघे बाह्या सरसावून उभे. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म नावाच्या गोडसर औषधाचे थेंब रुमालावर टाकून तो त्याच्या नाकाशी धरला, आणि गडी घोरायला लागला! पाय वेगळा झाला तरी घोरतोच आहे! आम्ही चौघांनी सरसावलेल्या बाह्या पुन्हा खाली ओढल्या.

ताई, आणखी उशीर केलास तर विष वर चढेल, असं डॉक्टर म्हणतात. लगेच ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
निनियन

पिटनवीम, २९ नोव्हेंबर

चि. निनियनास अनेक आशीर्वाद.

निन्या, तुझं पत्र शेजारच्या ग्रिझेलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ पिऊन लिहितोय. अरे, तो लोहार जागा झाला की नाही, हे लिहायचंच विसरलास! आधी दुखण्याला भीत होते, आता न उठण्याला भिते. मी जाळी विणणारी बाई, गाठ ओढून बघितल्याशिवाय भरवसा ठेवत नाही. आधी तू हुंगून दाखव. तुझी किडकी दाढ आहेच. सोबत खारवलेले मासे पाठवलेत, दाढ आहे तोवर खाऊन घे.

माया आहेच, ती अशीच राहो.
एफी

एडिंबरा, ६ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

लोहार उठला, पेज मागतोय. आणि माझी दाढ निघाली! रुमाल जवळ आला तेव्हा पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग काहीच आठवत नाही. मी म्हणे झोपेत गात होतो. लोकांना दाबणाऱ्या मला चौघांनी उचलून खाटेवर टाकलं! आता तरी ये. गुरुवारी बंदरावर उभा आहे.

तुझा बोळका भाऊ,
निनियन

पिटनवीम, ३ फेब्रुवारी १८४८

चि. निनियनास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. शुद्धीवर आले तेव्हा तू रडत होतास, मला वाटलं मी मेलेच. तू म्हणालास, ताई, झालं; तरी माझा विश्वास बसेना. मला खरं रडू आलं ते घरी, दाराशी कापलेल्या पायाचा एकटा बूट पाहून. पोटभर रडले. रडायला जिवंत तरी आहे.

काल ग्रिझेलनं दार लावून मला छातीतली गाठ दाखवली. तीन वर्षं कुणाला बोलली नव्हती. ती मंगळवारच्या बोटीनं येतेय. फार भ्यालीय रे. तिला झोप लागेपर्यंत तिचा हात तेवढा धर.

तुझं भलं चिंतणारी,
एफी