चिमणाबाईंनी चावलेली चारशे रोपे

मी, पद्मजा नृसिंह वाटवे, वय सदुसष्ट, अविवाहित, भात संशोधन केंद्रातून निवृत्त, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. ही दोन खोल्यांची जागा मी माझ्या पगारातून घेतली. माझ्या पश्चात ती चिमणाबाई आकाराम रेडेकर, राहणार गारगोटी, यांच्या मालकीची व्हावी. भाचा वसंत हे ऐकून म्हणाला, "आत्या, रोजंदारीच्या बाईला घर?" त्याच्यासाठी कारण लिहिते.

आपल्याकडचा वासाचा भात उंच वाढायचा आणि पावसात आडवा व्हायचा. १९६६ साली मी त्याचा बुटक्या जातीशी संकर केला. दुसऱ्या पिढीत चारशे रोपे उभी राहिली. वास कोणत्या रोपांत उतरला, ते कापणीआधी कळायला हवे होते. चिमणाबाई खुरपणीला होत्या. एक पान चावून म्हणाल्या, "बाई, ह्यात वास हाय. शेजारच्यात न्हाय." मी त्यांना चारशेही रोपांची पाने चावायला लावली. त्यांची जीभ सोलवटली. सत्त्याण्णव रोपांना त्यांनी दोरा बांधला. म्हणजे चारांत एक! अनुवंशाचा नियम सांगतो तेच प्रमाण, अक्षरओळख नसलेल्या बाईने काढलेले. मी तीनदा मोजले आणि बांधावर बसून रडले. त्यांतल्याच बुटक्या रोपांतून पुढे आमचा वाण निघाला.

२. या वाणावरच्या शोधनिबंधात मात्र मी लिहिले, "वास प्रयोगशाळेतील चाचणीने निश्चित केला." तशी चाचणी झालीच नव्हती. मजूरबाईची जीभ कोण मानणार, ही भीती. त्या निबंधावर मला बढती मिळाली. १९७४ साली रोजंदारीची माणसे कमी केली. यादीत चिमणाबाई होत्या आणि यादीखाली सही माझी. वसंता, नोकरी त्या जिभेवर वाढली आणि घर नोकरीवर झाले.

३. गेल्या वर्षी गारगोटीला गेले, पाय धरायला वाकले. "उठा की! गुडघं दुखत्यात न्हवं तुमचं?" त्यांनीच मला उठवले. मग निबंधाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "कागदाचं मला कळत न्हाय, बाई. पर कामावरनं काढलं तवा तुमी खिडकीतनं बघत हुता. खाली का आला न्हाईसा?"

जेवल्याशिवाय मात्र त्यांनी सोडले नाही.

४. वडिलांची चांदीची पूजेची भांडी वसंतला. सूक्ष्मदर्शक आणि नोंदवह्या कृषी महाविद्यालयाला. वह्या कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. यादी माझ्यापुढे सरकवणारे साहेब वारले. त्यांच्यावरचा राग इथेच सोडते.

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक अप्पा चौगुले यांना नेमते. निबंधातले खोटे कबूल करणारे पत्र त्यांनी माझ्या मृत्यूनंतर तो छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवावे, असे खर्ड्यात होते. अप्पांनी वाचून विचारले, "पद्मजाताई, तोवर कशाला थांबायचं?"

आज सकाळी पत्र मी स्वतः पोस्टात टाकून आले. चिमणाबाईंचे पूर्ण नाव त्यात तीनदा आहे. लोक काय म्हणतील ते मला जिवंतपणी ऐकायचे आहे. सबब हे पत्राचे कलम रद्द.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत केली.

पद्मजा नृसिंह वाटवे
(सही)

साक्षीदार:
हंबीरराव दत्तू इंगवले (सही)
कृष्णात बाळू सासने (सही)

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर १९८४