मावशीचं रक्त

प्रिय दादा,

हातात फोन असताना ही कसलं पत्र लिहीत बसली, असं म्हणून तू हसशील. हस. कारण शेवटी सांगते. आधी मला ओकायचंय, आणि या वेळी पोटातलं नाही.

लहानपणी मला सगळ्याचीच किळस यायची, आठवतं? दुधावर साय दिसली तरी मी तोंड दाबून मोरीकडे पळायचे. तू मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जखमेतले किडे चिमट्याने काढायचास आणि हात धुऊन थेट जेवायला बसायचास. आई म्हणायची, या पोराला कशाची म्हणून किळस नाही, हा जनावरांचाच डॉक्टर होणार. मी ते मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत फिरायचे. तुला किळस येत नाही हा तुझा गुण आहे, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. तुझ्यामुळेच मी रक्त तपासायला शिकले, तुझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत लॅब थाटली, आणि तू मला ‘भिंग’ म्हणायला लागलास.

मावशीला तू आणलंस तो दिवस मी विसरलेले नाही. ट्रकखालून ओढून काढलेली, कुठल्याच जातीची नसलेली ती कुत्री तू शर्टात गुंडाळून आणलीस. ती तुझ्या अंगावर ओकली तर तू हसलास. बरी झाल्यावर ती दवाखान्यातच राहिली आणि रक्त द्यायला लागली. अपघातातलं कुठलंही पिल्लू आलं की तू हाक मारायचास, ती येऊन बसायची, हनुवटी वर करून मान पुढे द्यायची. बांधावं लागत नसे, तोंड धरावं लागत नसे. बाटली भरताना तू म्हणायचास, माय मरो पण मावशी जगो. तेच तिचं नाव पडलं. तिच्या रक्तावर किती कुत्री घरी चालत गेली असतील, देव जाणे.

मग तू ते चार नर पाळलेस. मोठ्या हाडापेराचे, चकचकीत, स्पर्धेत मिरवणारे. त्यांची पिल्लं विकायची तर हृदय धड असल्याचं प्रमाणपत्र लागतं, कारण त्या जातीत हृदयाचं दुखणं बापाकडून पोरांकडे येतं. ते रक्तात कळतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. बाहेरून कुत्रा घोड्यासारखा धावत असतो, पण रक्त चुगली करतं. तू नळ्यांवर नावं लिहून पाठवायचास, मी तपासायचे. नळीवर जे नाव तेच खरं धरायचं, ही आमची रीत. दर वेळी चारही उत्तम. मी खूश.

गेल्या महिन्यात चौघांचंही ट्रोपोनिन एकदम चढलेलं आलं. चौघांचं, आणि जवळपास सारखंच. मला वाटलं यंत्र बिघडलं. धुतलं, पुन्हा लावलं, यंत्र विकणाऱ्या माणसाला फोनवर वाट्टेल ते बोलले. यंत्र ठणठणीत होतं. तुला फोन केला तर तू लगेच म्हणालास, राहू दे, मी दुसऱ्या नळ्या पाठवतो. मला ते ‘राहू दे’ खटकलं. मीच सुई घेऊन तुझ्याकडे आले. तू बाहेर गेला होतास. चारही नरांच्या माना पाहिल्या, पाय पाहिले. कुठे सुईसाठी केस भादरलेले नाहीत, कुठे सुईचा डाग नाही. कसा असेल? स्पर्धेतल्या कुत्र्याचे केस कोण कापणार! कोपऱ्यात मावशी पडली होती, धापा टाकत. तिची मान पार भादरलेली होती. मी समोर बसले तशी तिने हनुवटी वर केली.

तिथेच मला सगळं कळलं. एका म्हाताऱ्या कुत्रीचं रक्त तू चौघांच्या नावाने खपवत होतास, आणि ती आजारी पडली तेव्हा तुझं पितळ उघडं पडलं. मी त्या चौघांचं रक्त स्वतः काढून तपासलं. दोघांची हृदयं खरंच खराब आहेत. त्यांची पिल्लं घरोघरी लहान मुलांबरोबर खेळतायत. मी जाब विचारला तर तू म्हणालास, भिंग, इतकं बारीक बघू नये माणसाने. सभांमधून प्राणिमात्रांवरच्या प्रेमाबद्दल नाकाने कांदे सोलणारा तूच ना?

पण तेही मी एक वेळ गिळलं असतं. तू भाऊ आहेस, भांडून मोकळी झाले असते. शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची. माझा तो फोन आला तेव्हा साऱ्या जगात तुला एकट्यालाच कळलं होतं की आजारी मावशी आहे. मला नाही, तुला. आणि तू काय केलंस? गोळी दिलीस? छातीला स्टेथोस्कोप लावलास? त्याच आठवड्यात तिची आणखी एक बाटली काढलीस, आणि बदली म्हणून एक तरुण कुत्रा शोधून आणलास. तुझ्या हातचं पाणी प्यायचीही आता मला किळस येते, दादा. आईला अजून काही सांगितलेलं नाही. प्रमाणपत्रं देणाऱ्यांना आणि पिल्लं नेणाऱ्या सगळ्यांना मात्र मी कळवलंय. तू काय करायचं ते कर.

मावशी माझ्याकडे आहे. हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांवर वर्षभर निघेल, पण धावपळ नको, दमणं नको, आनंदानं उड्या मारणं तर मुळीच नको. परवा तुझा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते, स्पीकर लावला. तू मला शिव्या देत होतास. तुझा आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून धावत आली, शेपटी आपटत फोनभोवती नाचली, आणि खोकता खोकता तिचे पाय गेले. श्वास यायला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. जरा उठता आलं तशी ती फोनसमोर बसली, आणि तू अजून बोलतच असताना तिने हनुवटी वर करून मान पुढे दिली. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, आणि दारात तर येऊच नकोस. तिला अजून तुझी किळस येत नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
भिंग